तरफ हरवलेलं पिस्तूल

टोकियोतल्या ओजिमाच्या त्या इमारतीत आम्ही राहायला गेलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी बेल वाजली. दारात एक पंचावन्न-छप्पन्नचे गृहस्थ. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात दुधाचा रिकामा खोका. मला वाटलं सोसायटीचं काही काम असेल. त्यांनी नमस्कार केला आणि मराठीत सांगितलं, "मी पाटणकर, सांगलीचा. पलीकडच्या दारात राहतो. माझ्याकडे तीन पिस्तुलं आहेत. घाबरू नका, गेल्या शंभर वर्षांत त्यातलं एकही उडालेलं नाही. आता दूध कुठलं घ्यायचं ते सांगतो. हा निळा खोका घ्यायचा. हिरव्यातल्या दुधाला साय येत नाही."

आणि ते निघूनही गेले. आतून माझ्या नवऱ्याने, समीरने, कोण आलं होतं म्हणून विचारलं. मी सांगितलं की शेजारी आहेत, त्यांच्याकडे पिस्तुलं आहेत आणि दूध निळं घ्यायचं. प्रवासाचा शीण अजून उतरला नाही असं समजून त्याने मला झोपायला सांगितलं.

दोन हजार सालानंतरची ती पहिली एक-दोन वर्षं. पुण्या-चेन्नईहून सॉफ्टवेअरची मुलं विमानं भरभरून टोकियोला येत होती आणि त्यातली निम्मी ओजिमाला उतरत होती. संध्याकाळी इमारतीत कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या की जपानी शेजारी गॅलरीत येऊन कुठे काय फुटलं ते बघायचे. पाटणकरकाका या लाटेच्या कितीतरी आधीचे. एका बँकेच्या कामासाठी तीन वर्षांच्या बोलीवर आलेले, मग एका विमा कंपनीने ठेवून घेतलेले. त्या कंपनीचे जुने संगणक म्हणे फक्त काकांचं ऐकायचे. नव्या मुलांनी हात लावला की बंद पडायचे.

इमारतीत नवं मराठी माणूस आलं की येत्या रविवारी सकाळी दहाला काकांकडे चहा ठरलेला. आम्हीही गेलो. आधी चहा व्हायचा. मग काका हात धुऊन, पुसून, टॅक्सीवाले घालतात तसले पांढरे सुती हातमोजे चढवायचे आणि भिंतीतल्या कपाटातून, अंथरुणांच्या मागून, एक लाकडी पेटी काढायचे. पेटी उघडायच्या आधी नोंदणीचे कागद वाचून दाखवायचे. जपानमध्ये दीडशे-एक वर्षांमागची बंदूक ही हत्यार नसते, कलावस्तू असते, आणि तिची नोंद पोलिसांकडे नाही, शिक्षण खात्याकडे होते. याचं काकांना फार अप्रूप. म्हणायचे, "ज्या टेबलावर गणिताचं पुस्तक पास होतं त्याच टेबलावर माझं पिस्तूल पास झालंय."

पिस्तुलंही साधी नव्हती. काकांना फक्त एकाच जातीची चालायची, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत झालेली लिव्हरची. त्यांच्यासमोर लिव्हर म्हणायची मात्र सोय नव्हती. "लिव्हर पोटात असतं. ते बिघडलं तर डॉक्टरकडे जा. ही तरफ आहे." आणि तरफ म्हटलं की शाळेतलं विज्ञानाचं पुस्तक उघडायचं. तरफेचे तीन प्रकार, बल कुठे, भार कुठे, टेकू कुठे. या पिस्तुलाच्या मुठीखाली एक लोखंडी कडं असतं. त्यात बोट घालून कडं पुढे ढकललं की खालच्या नळीतली गोळी वर येते, मागे ओढलं की नेमकी वरच्या नळीत जाऊन बसते. गोळीला वेगळं टरफल नाही, दारू गोळीच्याच पोटात. दिसायला मोठं देखणं प्रकरण. फक्त ते कधी धड चाललं नाही. दारू पुरायची नाही, धूर भलतीकडून निघायचा, आणि एका हाताने चालवायच्या वस्तूला दोन हात लागायचे. बनवणाऱ्यांनी पाच-सहा वर्षांत धंदा गुंडाळला. पुढे तीच तरफ लांब बंदुकीला लावली तेव्हा ती जगभर गेली. पण काकांना लांब बंदुकीत रस नव्हता.

"ते बरोबर आलेलं आहे," ते म्हणायचे. "बरोबर आलेल्या गोष्टी सगळेच ठेवतात. हे चुकलंय. पण बघा, किती विचार करून चुकलंय."

एकदा एका पोराने चहा पिता पिता आजकालच्या पिस्तुलात सतरा गोळ्या बसतात अशी माहिती पुरवली. काकांनी त्याला दुसरा कप दिला नाही.

तीन पिस्तुलांतलं एक हाताच्या पंजाएवढं, एक चांगलं वीतभर नळीचं. तिसरं सर्वांत सुंदर, पितळी अंगाचं, त्यावर वेलबुट्टी कोरलेली. आणि नेमकी त्याचीच तरफ हरवलेली. मुठीखाली नुसतं भोक. तरफेच्या पिस्तुलाला तरफ नाही. काका ते दाखवताना आवाज खाली घ्यायचे, घरात कुणी आजारी असल्यासारखा. जपान सोडताना ती तिन्ही त्यांना बरोबर नेता आली नाहीत, आपल्याकडचा कायदा आडवा आला. कोबेला एका सज्जन माणसाच्या कपाटात ती आज सुखरूप आहेत. त्या सज्जन माणसाकडे आता यायचंच आहे, पण त्याआधी माझी गोष्ट सांगावी लागेल.

पुण्यात मी एका ऑफिसात काम करत होते. ओजिमाला मी समीरची बायको होते, आणि व्हिसावरही तेवढंच लिहिलेलं होतं. समीर सकाळी साडेसातला जायचा तो रात्री दहाला यायचा. मधल्या वेळात कचरा वेगळा करायचा. जळणारा, न जळणारा, बाटल्या, कागद. अकरापर्यंत ते संपायचं. मग दिवस उरायचा. कोनबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, जाऊन पाव घ्यायचा आणि काउंटरवरच्या मुलीला "हाय" म्हणायचं, म्हणजे जपानीत हो. पहिले चार महिने दिवसभरात माझ्या तोंडून बाहेरच्या माणसाशी गेलेला तो एकच शब्द. नंतर नंतर मी दुपारी नवव्या मजल्यावरच्या लिफ्टपाशी जाऊन उभी राहायला लागले. दार उघडायचं, कुणी उतरायचं, मान लववायचं, जायचं. मला कुठे जायचं नसायचं. नुसती माणसं दिसायची.

एका दुपारी लिफ्टमधून काका उतरले. सर्दी झाली म्हणून लवकर आले होते. कुठे निघालीस, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुठेच नाही. ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले, मग घरात गेले. तासाभराने बेल वाजली.

"मला दुभाष्या हवाय," दारातच म्हणाले. "कोबेला मोरिता नावाचे एक गृहस्थ आहेत. माझ्या पिस्तुलाला बसेल अशी एक तरफ त्यांच्याकडे सुटी पडलीय. ते देत नाहीत. नीट बोलणारं माणूस पाहिजे."

मी म्हटलं, काका, मला जपानी येत नाही.

"मलाही येत नाही. म्हणजे आपण बरोबरीत आहोत. मंगळवारी आणि शुक्रवारी वॉर्डाच्या हॉलमध्ये फुकट वर्ग असतो. तुझं नाव देऊन आलोय."

काकांना जपानी येत नाही हे मला लगेच पटलं. मी बरोबर असले की ते दुकानात सरळ मराठीत बोलायचे. कोनबिनीत "पिशवी नको" म्हणायचे, स्टेशनवर "पुढची गाडी थांबते का हो" विचारायचे, आणि कसं कोण जाणे, त्यांचं काम व्हायचं. कोनबिनीतली मुलगी तोंडावर हात ठेवून हसायची. मला वाटायचं, त्यांच्या मराठीला हसते.

वर्ग सुरू झाला. तिथे इतर बायका भाजी आणि हवामान शिकत होत्या. मला काकांनी वेगळी यादी दिलेली. चाप, नळी, मूठ, गंज, नोंदणीचा दाखला. तरफेला जपानीत 'तेको' म्हणतात हे कळलं त्या दिवशी काकांनी आम्हाला श्रीखंड खिलवलं. त्यांच्या मते तो आपलाच टेकू, जपान्यांनी बौद्ध भिक्षूंबरोबर मागवून घेतला आणि वाटेत अर्थ जरा सरकला. पुढे कधीतरी वॉर्ड ऑफिसातल्या बाईंनी कौतुकाने विचारलं की जपानी किती येतं. मला येत होतं ते मी सांगितलं. चाप, नळी, गंज. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि आतल्या साहेबांना बोलावून आणलं.

काहीही अडलं की काकांचं एकच सांगणं, "टेकू कुठे आहे ते बघ." बरणीचं झाकण निघत नसलं तरी हेच आणि माझं समीरशी भांडण झालं तरी हेच. एकदा व्हिसाचा फॉर्म तीनदा परत आला तेव्हा मी रडकुंडीला आले होते. काकांनी तो हातात घेतला, टेकू शोधल्यासारखा उलटसुलट केला आणि म्हणाले, इथे शिक्का राहिलाय. राहिलाच होता.

पाच महिन्यांनी आम्ही पहिल्यांदा कोबेला गेलो. मी, काका आणि माझा शब्दकोश. मोरिता-सान म्हणजे सत्तरीचे, ताठ बसणारे, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांनाही हाच नाद. एका जुन्या बाजारात दोघांनी एकाच पिस्तुलाला हात घातला होता, तेव्हापासूनची ओळख. मोरिता-बाईंनी चहा आणला. मी घाम पुसला आणि घरून घोकून नेलेलं वाक्य म्हटलं. मला म्हणायचं होतं की पाटणकर-सानचं पिस्तूल गंजत चाललंय, तरफ दिलीत तर उपकार होतील. गंजाला 'साबी' म्हणतात. माझ्या तोंडून गेलं 'साबिशी'. म्हणजे मी म्हणाले, पाटणकर-सानचं पिस्तूल एकटं पडलंय.

मोरिता-बाईंनी मान हलवली. "खरं आहे," त्या हळूच म्हणाल्या. मोरिता-सान काकांकडे बघत होते आणि काका चहाच्या कपाकडे.

मग मोरिता-सान बोलले. प्रत्येक वाक्य सावकाश, तीनदा तीन तऱ्हांनी. ती तरफ त्यांच्या गुरूंनी दिलेली होती, सबब देता येत नव्हती. हे मला कळलं. एक सबंध जपानी माणूस मला कळला. परतताना गाडीत मी काकांना त्यांचं वाक्य न् वाक्य मराठीत सांगत होते आणि ते "असं म्हणाले होय," "अच्छा," असं करत ऐकत होते. नकार मिळालेला माणूस इतका खूश कसा, हे मला तेव्हा सुचलं नाही. मीच इतकी खूश होते.

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी कोबे. दर वेळी मोरिता-सानकडे नवं कारण. एकदा तरफेवर मुलीचा जीव आहे म्हणाले, एकदा तिच्या धातूवर अभ्यास चालू आहे म्हणाले. कारणं लांबत गेली आणि अवघड होत गेली, माझं जपानी त्यांच्या मागे धावत गेलं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मी परीक्षा दिली. मग जवळच्या एका दवाखान्यात आपल्याकडच्या बायकांसाठी दुभाषी हवी होती, तिथे जायला लागले. पहिल्या पगाराच्या दिवशी मी काकांच्या पाया पडायला गेले तर म्हणाले, पाया नको पडूस, मोरिता-सान म्हातारे होत चाललेत, जरा जोर लाव. आज वीस वर्षं होत आली, मी हेच काम करते. लोक विचारतात, जपानी कुठे शिकलात. मी वर्गाचं नाव सांगते, कारण खरं उत्तर सांगायला एवढा वेळ लागतो.

तिसऱ्या वर्षी कोबेच्या एका व्यापारी कंपनीने दोन दिवसांच्या कामासाठी मला एकटीला बोलावलं. काम आटोपल्यावर मी मिठाई घेऊन मोरितांकडे गेले. मोरिता-सान केस कापायला गेले होते. बाईंशी बोलता बोलता मी म्हटलं, पुढच्या महिन्यात काकांना घेऊन येते, या खेपेला तरफेचं काहीतरी व्हायलाच हवं.

बाईंचा हात कपावर थांबला. "कुठली तरफ?"

मग त्यांनी तोंडावर हात ठेवला. पण उशीर झाला होता, आणि बाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. तरफ त्यांच्या घरात नव्हतीच. मोरिता-साननी ती काकांना पोस्टाने पाठवून दिली होती, मी पहिल्यांदा त्या घराची पायरी चढले त्याच्याही आधी. आणि दर बुधवारी संध्याकाळी पाटणकर-सानचा फोन येतो, तासभर चालतो. फोनवर कोणत्या भाषेत बोलतात, मी विचारलं. बाईंना प्रश्नच कळला नाही. जपानीत, आणखी कशात. फार जुनं, सभ्य जपानी बोलतात, आजकालच्या मुलांना यायचं नाही तसं. त्यांनीच मोरिता-सानना गळ घातली होती. आमच्या शेजारच्या मुलीशी सावकाश बोला, काही केल्या हो म्हणू नका आणि दर खेपेला थोडं अवघड बोला. मोरिता-सान हाडाचे शिक्षक, त्यांना ते फार आवडलं. आम्ही यायच्या आदल्या दिवशी ते वही घेऊन बसायचे आणि उद्या नाही कसं म्हणायचं ते लिहून काढायचे.

परतीच्या गाडीत मी नागोया येईपर्यंत हसत होते. कोनबिनीतली ती मुलगी कशाला हसायची तेही आता कळलं. नागोया गेल्यावर हसू थांबलं. एका माणसाने माझ्यासाठी तीन वर्षं आपली भाषा मिटून ठेवली होती.

पुढच्या रविवारी चहाची मंडळी गेल्यावर मी दुपारी मागे थांबले आणि काकांना जपानीत विचारलं, जपानी किती वर्षांपासून येतं तुम्हाला.

काकांनी हातमोजे काढून त्यांची घडी केली. "मोरिता-सानच्या पोटात काही राहत नाही," ते मराठीत म्हणाले.

मी म्हटलं, ते नाही, बाई बोलल्या. त्यांनी कपाटाच्या खणातून रुमालात गुंडाळलेली तरफ काढून माझ्यासमोर ठेवली. बसवली का नाहीत, मी विचारलं. बसवली असती तर तुला कोबेला काय म्हणून न्यायचं, ते म्हणाले. मग ते रुमालाची घडी घालत आणि उलगडत बसले. मला वाटलं आता उठावं, तेवढ्यात त्यांनी सांगायला सुरुवात केली.

काकांचं लग्न झालेलं होतं हे इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. सुधाकाकू त्यांच्याबरोबर इथे आल्या होत्या, याच घरात चार वर्षं राहिल्या होत्या. तेव्हा इमारतीत एकही भारतीय घर नव्हतं. काका सातला जायचे, रात्री यायचे. रविवारी जुन्या बाजारात जायचे, एकटेच. एकदा काकू म्हणाल्या, मीही येते. काका म्हणाले, तुला त्यातलं काय कळणार.

"त्या दिवशी तू लिफ्टपाशी उभी होतीस," काका म्हणाले. "सुधाही तशीच उभी राहायची. शेजारच्या बाईंनी मला सांगितलं होतं. मी म्हटलं, पाय मोकळे करत असेल."

चौथ्या वर्षी काकू भाचीच्या लग्नाला म्हणून सांगलीला गेल्या आणि परत आल्या नाहीत. भांडण नाही, तंटा नाही. पत्रात लिहिलं होतं की इथे सगळे माझ्याशी बोलतात. आता एका शाळेत शिकवतात. काका दिवाळीला फोन करतात. तब्येत विचारतात, पाऊसपाणी विचारतात. मग दोन्हीकडे शांतता होते आणि कुणीतरी ठेवतो म्हणतं.

मी विचारलं, "दिवसभर काय करता, असं विचारलंत का त्यांना कधी?"

काकांनी मान हलवली. नाही.

माझ्या पर्समध्ये भारतात फोन करायचं कार्ड होतं, नंबर खरवडून काढायचं तसलं. मी नाण्याने नंबर खरवडला आणि काकांच्या फोनवरून तो लावला. पुढचे सांगलीचे आकडे त्यांना पाठ होते, ते त्यांनी स्वतः दाबले. सांगलीला तेव्हा दुपारचे बारा वाजत असतील. मी स्वयंपाकघरात गेले, दार ओढून घेतलं आणि चहाचं आधण ठेवलं.

पलीकडे रिंग गेली असावी, कारण काकांनी घसा साफ केला. दोनदा. मग ते म्हणाले, "सुधा, मी बोलतोय. नाही, नाही, तब्येत बरी आहे. तू दिवसभर काय करतेस?"

त्यानंतर काकांचा आवाजच आला नाही. मधूनच एखादं "हं" यायचं, "मग?" यायचं. आधण आटून गेलं. मी दुसरं ठेवलं, तेही आटलं. मी गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. दारापलीकडे काका ऐकत होते.